जिन्याच्या काचेवर पक्षी आपटून मरतायत, काय करता येईल?

तिसरा_मजला:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे फक्त वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमच्या बिल्डिंगचं गेल्या वर्षी मोठं काम निघालं होतं, त्यात जिन्याच्या बाजूची जुनी सिमेंटची जाळी काढून खालपासून सातव्या मजल्यापर्यंत सलग काच लावली. उजेड छान येतो, सगळे खूश. समोर दोन मोठी झाडं आहेत आणि सकाळच्या वेळी ती काचेत इतकी स्वच्छ दिसतात की खालून बघितलं तर बिल्डिंगच्या आत अजून दोन झाडं उभी आहेत असं वाटतं.

दीड महिन्यापूर्वी सकाळी जिना उतरत होतो तर एकदम टप्प असा आवाज आला, कुणी चेंडू मारला असं वाटलं. खाली जाऊन बघितलं तर एक पक्षी पडलेला, मुठीत सहज मावेल एवढा, पाठ हिरवट, पोट पिवळसर पांढरं, डोळ्यावरून एक फिकट पट्टी. जिवंत होता, चोच उघडी, धापा टाकत होता. मी त्याला उचललं, घाईघाईत बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन चोचीत दोन-तीन थेंब सोडले, कारण तेवढंच सुचलं. दहा मिनिटांत हातातच गेला. वजन असं काही नव्हतंच त्याला, पण नंतर दिवसभर हाताला ते जाणवत राहिलं, कसं सांगू.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. सफाईवाल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या अहो रोजचंच आहे हे, मी सकाळी झाडून टाकते, कधी एक कधी दोन. म्हणजे काच लावल्यापासून वर्षभर हे चाललंय आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही. आता मी सकाळी सहाला एक चक्कर मारतो आणि वहीत लिहून ठेवतो. दीड महिन्यात अकरा. त्यातले आठ मेलेले, तीन उडून गेले (पुढे जगले का माहीत नाही).

काचेवर ससाण्याच्या आकाराचे काळे स्टिकर मिळतात ते चार लावले, प्रत्येक दोन मजल्यांमागे एक. दुसऱ्याच आठवड्यात स्टिकरपासून हातभर अंतरावर एक पारवा आपटला, काचेवर त्याच्या पंखांचा पांढरा ठसा अजून तसाच आहे.

प्रश्न तीन. एक, काच न काढता काही उपाय आहे का. दोन, आपटलेला पक्षी जिवंत सापडला तर नक्की काय करायचं, आणि मी पाणी पाजलं त्यामुळे तो गेला का. तीन, बिल्डिंगमधल्या लोकांना हे पटवायचं कसं, कारण कमिटीत विषय काढला तर एकजण म्हणाले पक्षी काय मरतच असतात.


रानफूल:

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तो तुम्हाला टोचतोय असं दिसतंय.

जोरात आपटलेल्या पक्ष्याला बऱ्याचदा आतून मार बसलेला असतो, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव. बाहेरून एक पिसही हललेलं दिसत नाही. आपटणाऱ्यांपैकी निम्मे तरी वाचत नाहीत असं या विषयावर काम करणारे सांगतात, त्यामुळे तुमचा पक्षी बहुतेक तुम्ही पोचायच्या आधीच गेल्यात जमा होता. पाणी पाजू नये हे मात्र खरं. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, मी स्वतः एका चिमणीला ड्रॉपरने साखरपाणी दिलंय आणि ती आठवण माझ्याकडेही आहे.

आता काय करायचं ते. एक बुटाचा खोका जिन्याखाली कायमचा ठेवून द्या, झाकणाला पेन्सिलने आठ-दहा भोकं, आत एक सुती फडकं किंवा टिश्यू (टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात). पक्षी सापडला की रुमालाने हलकेच धरून आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोका शांत, अंधाऱ्या, ना गार ना गरम अशा जागी. पाणी नाही, दाणे नाहीत, पाच-पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं तर अजिबात नाही. आपल्याला ती काळजी वाटते पण त्याच्या दृष्टीने दर वेळी एक राक्षस डोकावतोय. अंधारात तो घाबरत नाही, त्यातच सावरतो. तास-दोन तासांनी खोका बाहेर न्या, काचेपासून लांब, झाडाझुडपाच्या बाजूला तोंड करून झाकण उघडा आणि मागे सरका. उडाला तर उडाला. नाही उडाला, एक पंख लोंबतोय, डोळा मिटलेला आहे किंवा रक्त आहे तर मग घरी उपचार करू नका, तुमच्या शहरात वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र असेल तर तिथे न्या, त्यांचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, ऐनवेळी शोधण्यात अर्धा तास जातो.

आणि मांजरीने तोंडात धरलेला पक्षी असेल तर वरून ठीक दिसला तरी न्यायचाच, मांजरीच्या दातांचं इन्फेक्शन फार लवकर पसरतं.


जुनी_दुर्बीण:

वर्णनावरून तुमचा पक्षी पर्णवटवट्या वाटतोय, फोटोशिवाय नक्की कुठला ते सांगणं अवघड, या कुळातले सगळे एकमेकांसारखे दिसतात. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. यातले बरेचसे शेकडो, काही तर हजारो किलोमीटर प्रवास करतात, तोही रात्री उडून. तो एवढं सगळं पार करून येतो आणि जिन्याच्या काचेत संपतो.

पहिल्या प्रश्नाकडे येतो. ससाण्याचे स्टिकर काढून टाका, काही उपयोग नाही. पक्षी त्या आकाराला घाबरत नाही, त्याला फक्त एक अडथळा दिसतो, तो बाजूने वळतो आणि बाजूच्या मोकळ्या काचेवर जाऊन आपटतो, तुमच्या पारव्याचं हेच झालं. काच त्यांना दिसतच नाही. आपल्यालाही दिसत नाही खरं तर, आपण चौकट, कडी, हँडल बघून ओळखायला शिकलेलो असतो, आणि तरीही मॉलच्या काचेला नाक आपटून घेतोच. पक्ष्याला काचेत झाड दिसलं तर त्याच्यासाठी ते झाडच.

उपाय म्हणजे काचेवर सगळीकडे खुणा, आणि दोन खुणांमधली फट इतकी कमी हवी की छोट्या पक्ष्याला इथून आपण जाऊ शकतो असं वाटता कामा नये. उभं-आडवं दोन्हीकडे ५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. ठिपका कमीत कमी ६ मिलिमीटरचा. आणि खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूने लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं आणि आतून लावलेले ठिपके त्यामागे लपून जातात. तयार ठिपक्यांची फिल्म मिळते, ती माणसाच्या डोळ्याला चार दिवसांनी दिसेनाशी होते, म्हणजे सवय होते. खर्च नको असेल तर बाहेरून वरपासून खालपर्यंत जाड दोऱ्या सोडायच्या, १० सेंटिमीटर अंतराने, त्याही चांगल्या चालतात. आणि अगदी उद्या सकाळी काहीतरी करायचं असेल तर ओला साबण घेऊन काचेवर रेघा ओढा. पावसात जाईल, पण तोवर थांबेल तरी.

हे नुसतं पुस्तकी नाही. शिकागोत मॅकॉर्मिक प्लेस म्हणून सरोवराकाठी एक भलंमोठं संमेलन केंद्र आहे, तिथे ५ ऑक्टोबर २०२३ ला एका रात्रीत-सकाळी जवळजवळ हजार पक्षी काचेवर आपटून मेले. एक इमारत, एक दिवस. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या काचांना छोट्या ठिपक्यांची फिल्म लावली आणि पुढच्या स्थलांतराच्या मोसमात मृत्यू साधारण ९५ टक्क्यांनी कमी झाले. न्यूयॉर्कच्या जॅव्हिट्स सेंटर या संमेलन केंद्रानेही नूतनीकरणात ठिपक्यांची काच घातली, तिथेही ९० टक्क्यांच्या आसपास फरक पडला.

तुमच्या कमिटीला अजून एक सांगा, हा उंच टॉवरचाच प्रश्न आहे असं लोकांना वाटतं पण तसं नाहीये. अमेरिकेत २०१४ साली याचा मोठा अंदाज बांधला गेला, वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळपास शंभर कोटी पक्षी काचेवर आपटून मरतात, आणि त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी निघाला. बाकी सगळे तुमच्या-माझ्यासारख्या साध्या घरांच्या आणि मध्यम उंचीच्या इमारतींच्या काचेवर. झाडाच्या उंचीपर्यंतची काच सर्वात धोक्याची. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा केला तो सुद्धा पहिल्या ७५ फुटांसाठीच, नव्या इमारतीत तिथपर्यंतच्या बाहेरच्या काचेपैकी ९० टक्के काच पक्ष्यांना दिसेल अशी हवी.


गच्चीवरचा:

धागा चांगला आहे पण मला जरा वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. शहरात पक्षी कमी होतायत त्याचं मूळ कारण झाडं जातायत, मोकळी जमीन जातेय, किडे नाहीत. पिल्लांना दाणे नाही चालत, चिमणीसुद्धा पिल्लाला पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते, आणि आपण बाग म्हणून काय लावतो तर एक हिरवा गालिचा आणि त्यावर महिन्याला औषध फवारणी. ठिपके लावून जिना वाचेल पण पक्षी येणार कुठून. शिवाय मांजरी. त्याच अमेरिकेतला आकडा बघा, मांजरी वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज आहे, काचेपेक्षा कितीतरी जास्त.

आणि उंदरांचं विष. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधून फेब्रुवारी २०२३ मध्ये एक मोठं घुबड सुटलं होतं, फ्लॅको नाव, कुणीतरी पिंजऱ्याची जाळी कापली. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेलं ते घुबड वर्षभर शहरात स्वतः शिकार करून जगलं, लोक रात्री त्याचा आवाज ऐकायला थांबायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका इमारतीखाली पडलेलं सापडलं. आधी सगळ्यांना वाटलं काचेला आपटलं असणार. तपासणीत निघालं शरीरात उंदराच्या विषाचं जीवघेणं प्रमाण आणि कबुतरांपासून लागलेला विषाणू. आपल्या जिन्याखाली कोपऱ्यात ते निळे-गुलाबी खडे पडलेले असतात ते उंदीर खातो, आणि तो उंदीर घुबड खातं. मी आमच्याकडे ते बंद करायला लावलं, कचऱ्याचे डबे झाकणाचे आणले आणि भिंतीतली बिळं बुजवली. उंदीर कमी झालेत.


जुनी_दुर्बीण:

@गच्चीवरचा, झाडं आणि किड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण मांजर दुबळ्या, आजारी, नुकत्याच घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाला जास्त पकडते. काच निवड करत नाही, धडधाकट, वयात आलेला, दोनदा स्थलांतर करून परत आलेला पक्षी पण तसाच आपटतो. आणि झाड लावून ते मोठं व्हायला वीस वर्षं लागतात, ठिपके एका रविवारी लागतात. यांच्या बिल्डिंगसमोर झाडं आहेत म्हणूनच तर पक्षी येतायत, म्हणजे आपण बोलावतोय आणि दारात भिंत उभी करतोय.


मध्यरात्र:

रात्री जिन्यात दिवे चालू असतात का हो? कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते.

मी नाइट शिफ्टला काम करते त्यामुळे हा विषय मला रात्रीच्या बाजूने माहीत आहे. लहान पक्षी बरेचसे रात्रीच स्थलांतर करतात आणि उजेडाकडे ओढले जातात, ढगाळ हवा असली की जास्त, मग त्या उजेडाभोवती घिरट्या घालत राहतात, दमतात, खाली उतरतात आणि सकाळी आजूबाजूच्या काचांवर आपटतात. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरच्या रात्री आठवण म्हणून आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात, त्याचा रडारवरून अभ्यास झाला आणि सात रात्रींमध्ये मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्याचा परिणाम झाल्याचं निघालं. पण मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. तिथे आता रात्रभर माणसं झोतात बघत पक्षी मोजत बसतात, हजाराच्या वर गेले की वीस मिनिटं दिवे बंद. आणि बंद केल्यावर काही मिनिटांतच पक्षी पांगून आपल्या वाटेला लागतात. एवढंच लागतं हो. स्मरणाचा कार्यक्रमही होतो, पक्षीही जातात.

शिकागोच्या त्याच इमारतीचा जुना अभ्यास सांगतो की ज्या रात्री जास्त खिडक्या उजळलेल्या त्या रात्री जास्त मृत्यू, आणि उजेडाच्या खिडक्या निम्म्या केल्या तर आपटण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतं.

तुमच्या जिन्यात सेन्सरचे दिवे बसवा, माणूस आला की लागेल आणि गेला की विझेल. विजेचं बिल कमी होईल हे कमिटीला पहिल्या वाक्यात सांगा आणि पक्ष्यांचं दुसऱ्या.


तिसरा_मजला:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रानफूल, तुमचं वाचून खरंच जरा हलकं वाटलं.

जिन्यातले दिवे रात्रभर चालू असतात, सात मजले, सगळे. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. सेन्सरला बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

ठिपक्यांचं मात्र अवघड दिसतंय. काल परत विषय काढला. एक म्हणाले एवढी चांगली काच लावली आणि आता तिच्यावर पुरळ आणायचं का. एका काकूंना पटलं पण त्या म्हणाल्या माझ्या एकटीच्या मताने काय होणार. प्रश्न असा की या लोकांनी आपटलेला पक्षी बघितलेलाच नाहीये, ते खाली उतरेपर्यंत सगळं झाडून साफ झालेलं असतं. मेलेले पक्षी नेऊन दाखवावेत असं एकदा मनात आलं, पण ते बरं वाटत नाही.


सकाळी_साडेपाच:

मेलेले नका दाखवू. जिवंत दाखवा.

मी हे अनुभवावरून सांगतोय. आमच्याकडे एका झाडाच्या फांद्या तोडायच्या होत्या, त्यावर घरटं होतं, मी अर्ज केला, नियम सांगितले, कुणी ऐकलं नाही. मग समोरच्या आजोबांना एक दिवस सकाळी दुर्बीण हातात दिली आणि म्हटलं फक्त बघा. ते वीस मिनिटं बोलले नाहीत. आई पक्षी दर काही मिनिटांनी चोचीत अळी घेऊन येत होती, पिल्लांची लाल तोंडं वर यायची आणि परत खाली जायची. पुढचे पंधरा दिवस आजोबाच झाडाखाली पहारा देत होते, पिल्लं उडून गेल्यावरच फांद्या तोडल्या.

तुमच्याकडे दोन झाडं आहेत ना समोर, आणि जिना काचेचा आहे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तुम्ही झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर उभे असता. पक्षी बघायला अशी जागा मिळायला लोक मचाण बांधतात. रविवारी सकाळी चहा घेऊन चार लोकांना तिथे बोलवा, मुलांना आधी. काही लेक्चर नको. पहिली पाच मिनिटं काही दिसणार नाही, मग हळूहळू दिसायला लागतं. कान जास्त उपयोगी पडतात. फोनमध्ये मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. डोळे मिटून विश्वास ठेवू नका, चुकतं कधीकधी, पण सुरुवातीला मजा येते आणि मुलं त्याच्यावर तुटून पडतात. जे दिसेल ते ईबर्डवर टाका, २००२ पासून जगभरचे लोक तिथे नोंदी करतायत आणि अभ्यासक त्या वापरतात. तुमच्या वहीतल्या अकरा नोंदी पण जपून ठेवा, तारीख, वेळ, कितवा मजला, कुठल्या दिशेची काच. त्यावरून कुठल्या काचेला आधी ठिपके लावायचे ते कळेल, सगळे सात मजले एकदम करायची गरज पडणार नाही.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा अनेकांना वाटलं पक्षी जोरजोरात गातायत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांची तेव्हाची गाणी रेकॉर्ड करून आधीच्या वर्षांशी ताडून बघितली तर उलटंच निघालं, त्या हळू गात होत्या. गाड्यांचा आवाज नसल्यामुळे ओरडायची गरजच नव्हती, आणि हळू गाऊनही त्यांचा आवाज दुपटीहून जास्त लांब पोचत होता. त्याआधी २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात दिसलं होतं की गोंगाटाच्या रस्त्यावरचे टिट नावाचे छोटे पक्षी गाण्यातले खालचे सूर गाळून वरच्या पट्टीत गातात. म्हणजे तुमच्या झाडावरचा तो एवढासा जीव रोज सकाळी अख्ख्या शहराच्या वर आवाज चढवून गातोय. हे ज्याला एकदा कळलं त्याला काचेवरचे ठिपके कुरूप नाही दिसत.


रानफूल:

मचाण एकदम पटलं. फक्त दाणे ठेवायचा मोह आवरा, निदान काचेचं काम होईपर्यंत. दाण्यांचं भांडं ठेवायचंच तर एकतर काचेला चिकटून, एक मीटरच्या आत, म्हणजे तिथून उडताना वेग येत नाही, नाहीतर दहा मीटरपेक्षा लांब. मधलं अंतर सगळ्यात वाईट. आणि भांडं रोज घासायचं, नाहीतर एका आजारी पक्ष्याकडून सगळ्यांना लागण होते. पाव तर नकोच, त्याने पोट भरतं आणि पोषण शून्य. नुसतं पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवलंत आणि ते रोज बदललंत तरी पुष्कळ.

मुलं असतील तर अजून एक सांगून ठेवा, जमिनीवर पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप जवळच असतात. त्याला घरी आणायचं नाही, मांजर-कुत्रं जवळ असेल तर उचलून झुडपात ठेवायचं. माणसाचा वास लागला की आई टाकते हे खोटं आहे.


तिसरा_मजला:

अपडेट द्यायला उशीर झाला, पाच आठवडे झाले.

रविवारी सकाळी चौथ्या मजल्यावर सात जण आले, त्यातली तीन मुलं. पुरळ म्हणणारे काका आले नाहीत पण त्यांची नात आली आणि तिने घरी जाऊन इतकं सांगितलं की पुढच्या रविवारी ते आले. त्या दिवशी एक घार समोरच्या शेंड्यावर काडी घेऊन उतरली आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो, काका हळूच म्हणाले ही इथेच घर करतेय की काय. अजून आम्हाला कळायचंय, पण काड्या रोज येतायत.

सेन्सरचे दिवे लागले. वहीवरून हिशोब मांडला तर अकरापैकी नऊ पक्षी दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर, झाडासमोरच्या काचेवर आपटलेले निघाले, म्हणून तेवढ्याच काचेला बाहेरून फिल्म लावायची ठरली, ५ सेंटिमीटरचं माप मी स्वतः पट्टी घेऊन तपासलं. लागून अठरा दिवस झाले. त्या तीन मजल्यांवर अजून एकही नाही. पाचव्या मजल्यावर एक आपटला, परवा, सफाईवाल्या ताईंनीच खोक्यात ठेवला आणि मला हाक मारली. त्यांनी खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, उघडू नये, आत पक्षी झोपलाय.

दीड तासाने झाडाखाली नेऊन झाकण काढलं. परत तसाच हिरवट, डोळ्यावर पट्टीवाला. दोन सेकंद बसून राहिला, मग सरळ वर पानांत गेला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळाने तिकडून एक बारीक चिकचिक आवाज आला, तोच होता का दुसरा कुणी ते सांगता येणार नाही. पाचव्या मजल्याच्या फिल्मची ऑर्डर काल दिली.